बैलाचं औषध, मांजराचं अंग

"हात लावू नका मॅडम, पिसाळलीय ती." दिगंबर चार हात लांब उभं राहून सांगत होता. त्याच्या हातात काठी होती. मांजराचं टोपलं मात्र त्याच्या चुलत भावानं, बाबुरावांनी, पोटाशी गच्च धरलं होतं. टोपल्यावर गोणपाट बांधलेलं. आतून आवाज काहीच नाही, नुसतं टोपलं थरथरत होतं.

मी देवणी तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. सरकारी दवाखाना. आमच्याकडं गाय, बैल, म्हैस, शेळी येते, झालंच तर कोंबड्या. मांजर घेऊन कुणी येत नाही. ती आजारी पडली तर तिचं ती बघून घेईल, अशी इथली पद्धत. त्यातून बाबुराव म्हणजे पक्का बैलवाला माणूस. देवणी जातीच्या जनावरात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात नाही. ते मांजर घेऊन येतील असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्या दिवशी हसू आलं नाही. लम्पी नावाच्या गुरांच्या रोगाच्या साथीत बाबुरावांचा वानेरा बैल गेला होता. वानेरा म्हणजे पांढरं अंग आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. प्रदर्शनात उभा केला की लोक बाकीचे बैल बघायचे सोडायचे. मी रोज जाऊन त्याच्यावर उपचार केले आणि तो गेला. बाबुराव एका शब्दानं बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून त्यांच्या गल्लीतून जायचं असलं की मी लांबचा रस्ता धरायची.

"कवापासून असं?" मी हातमोजे चढवत विचारलं.

"सकाळपासून. रात्री बरी होती. सकाळी दूध ठिवलं तर तोंड लावंना. लाळ गळायली, पाय झटकायली."

"आन ह्याला वरबाडलं," दिगंबर म्हणाला. "मी म्हणलं, घाल टकुऱ्यात एक आन पूर खड्ड्यात. ऐकतंय का? पिसाळलेलं जनावर घरात ठिवतंय."

बाबुरावांच्या मनगटावर खरंच ओरखडा होता. मला दिगंबरचा राग आला, पण तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पिसाळणं म्हणजे रेबीज. लक्षणं दिसायला लागली की त्याच्यावर औषध नाही, ना जनावराला ना माणसाला. लाळ, थरथर, झटके, सगळं त्यातही दिसतं. पहिल्या नजरेत छातीठोकपणे 'रेबीज नाही' म्हणणारा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही. आम्ही डॉक्टर मंडळींनी त्याची लस आधीच घेतलेली असते, म्हणून टोपल्यात हात घालायचं धाडस.

बाबुराव पुढं आले. आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "मॅडम, बैल गेला तवा मी तुमाला काही म्हणलो न्हाई. हिला तेवढी वाचवा."

मी गोणपाट सोडलं.

चारपाच महिन्यांची मांजर. पांढरी, आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. मला क्षणभर कळेचना काय बघतेय मी. "नाव काय हिचं?"

"वानेरी," बाबुराव म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले.

बहिणीच्या घरून, उदगीरहून, पोत्यात घालून आणली होती. पोत्यात अशासाठी, की मांजराला रस्ता कळू नये आणि ती परत पळू नये. पेंडीच्या खोलीत उंदीर झाले म्हणून आणली आणि ती जाऊन बसली वानेऱ्याच्या रिकाम्या गव्हाणीत. बाबुरावांनी आयुष्यात मांजर पाळली नव्हती. मग त्यांनी ती पाळली बैल पाळतात तशी. पहिल्या दिवशी दाव्याला बांधली. कणकेचे गोळे चारून बघितले. रोज सकाळी पाठीवर थाप. हे सगळं ते मला सांगत होते आणि मी तिचे डोळे बघत होते. कान फडफडत होते, कातडी लाटेसारखी हलत होती. पण "वानेरी" म्हटलं की ती मान वळवून बाबुरावांकडं बघत होती. अंगावर येत नव्हती.

मी आणखी वाकले, आणि वास आला.

हा वास मी झोपेतही ओळखीन. रोज माझ्या हाताला असतो. "बाबुराव, हिच्या अंगाला काय लावलं?"

"काही न्हाई."

"नीट आठवा. काल?"

"काल संध्याकाळी धुतली फक्त. लई पिसवा झाल्या होत्या. बैलाचं गोचीडाचं औषध होतं की घरात. तेवढं पाण्यात घालून चोळलं." मग माझं तोंड बघून घाईनं म्हणाले, "बैलाला घालतो त्याच्या पावपटच घातलं हो. लहान जीव म्हणून."

मी खुर्चीत बसले. रेबीजची भीती अगदी गेली नाही, पण पुढं काय करायचं ते कळलं. गोचीड म्हणजे जनावराचं रक्त पिणारी कीड. ती मारायच्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड नावाचा घटक असतो. बैलाला तो सोसतो. मांजराच्या लिव्हरला तो पचवताच येत नाही. त्यात मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे बाहेरचं विष आतही जातं. पावपट सोडा, मांजराच्या अंगाला थेंबही लागू नये असं हे औषध.

तेवढ्यात साहेबांचा फोन.

"मॅडम, शिबिराला निघालात ना? लसीकरण आहे."

"सर, अर्जंट केस आहे. थोडा उशीर होईल."

"गाय आहे का?"

"मांजर आहे सर."

"मॅडम, आपल्याकडं मांजर कधीपासून येतं?"

"आजपासून सर."

"आटपा लवकर," म्हणाले आणि ठेवला. माणूस वाईट नाही.

दुसरा फोन मी केला. माझी वर्गमैत्रीण लातूरला कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवते. झटके थांबवायचं इंजेक्शन माझ्याकडं होतं, पण माझा हात गायीच्या डोसला बसलेला. तिथं चूक झाली असती तर मांजर विषानं नाही, माझ्यानं मेली असती.

"वजन किती आहे तिचं?" मैत्रिणीनं विचारलं.

"माहीत नाही."

"काटा नाही का तुझ्याकडं?"

"म्हशीची छाती मोजून वजन काढायची टेप आहे."

"धन्य आहेस. किराणा दुकानात जा."

गेलो. दिगंबरच पुढं पळाला, काठी कुठंतरी टाकून. दुकानदारानं आधी "मांजर? माझ्या काट्यावर?" केलं, मग स्वतःच पोत्याचा तुकडा अंथरला. वजन कळलं, मैत्रिणीनं डोस सांगितला, मी दोनदा म्हणून दाखवला आणि बारीक सिरिंजनं दिला. मग भांडी घासायच्या साबणानं आणि कोमट पाण्यानं तिला धुतली. पुन्हा पुन्हा, वास जाईपर्यंत. गरम पाणी नको, त्यानं कातडीतून विष जास्त जातं. गार नको, ती काकडते. मग कोरडं करून सलाईन, आणि ऊब. ऊब द्यायला दवाखान्यात काही नव्हतं. बाबुरावांनी सदऱ्याची बटणं सोडली आणि तिला छातीशी घेऊन बसले. संशय फिटला नव्हता, मी त्यांना ओरडलेच असते, पण आधी त्यांचं मनगट साबणानं धुवायला लावलं आणि बजावलं: वासावरून मला विषबाधा वाटते, तरी तुम्ही रेबीजची सुई घ्यायची. ओरखड्याशी जुगार खेळायचा नसतो.

"बैलाच्या शिंगाला भ्यालो न्हाई, आन सुईला काय," म्हणाले. तोंड मात्र पडलं होतं.

शिबिर उरकून मी दुपारनंतर परत आले. रस्ताभर एकच विचार. पुन्हा त्या माणसाला 'गेली' म्हणून सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये. दवाखान्याच्या पायरीवर दिगंबर बसलेला. तो उठून म्हणाला, "थांबलंय मॅडम. तासभर झाला, एक झटका न्हाई."

आत वानेरी बाबुरावांच्या मांडीवर होती. मी जवळ गेले तशी तिनं फिस्स केलं आणि माझ्या हातमोज्यावर पंजा मारला. इतकं बरं वाटलं मला त्या पंज्यानं, काय सांगू. डोळ्यात पाणी आलं ते मी मोजे काढायच्या निमित्तानं लपवलं. दोन दिवसांनी ती दूध प्यायली, मग उंदीर धरला. पुढं पंधरवडाभर मी रोज तिला बघून आले, रेबीजचा संशय पुरता फिटेपर्यंत. जाताना जवळच्याच रस्त्यानं.

"मग पिसवा काढू कशा?" बाबुरावांनी विचारलं.

"फणीनं. उवा काढतात तशा."

आता ते संध्याकाळी गव्हाणीपाशी बसून बायकोच्या फणीनं तिला विंचरतात. बायकोनं स्वतःसाठी दुसरी आणलीय. शेवटच्या दिवशी निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "मॅडम, बैलाचं मनात धरू नका आता. मी न्हाई धरलेलं."

म्हणजे त्यांना माझा लांबचा रस्ता माहीत होता.

तेव्हापासून गोचीडाचं औषध मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, "घरात मांजर आहे का?" लोक एकमेकांकडं बघतात. परवा एक जण म्हणाला, "मॅडम, गोचीड म्हशीला झालेत." मी म्हटलं, "ते कळलं. मांजर आहे का ते सांग."