जीपची पुढची सीट

काल शेजारच्या सुभेदार काकांच्या तेरवीला फोटोवरच्या झेंडूचा वास आला आणि मी पानावरून उठलो.

लेह, तेजपूर आणि शांतिसेनेतून आफ्रिका पाहून काका फौजेतून रिटायर झाले, तेव्हा मलकापूर स्टेशनवरून त्यांना मीच माझ्या जीपमधून आणलं होतं. आमच्या उंद्रीच्या वेशीवर काकांच्या मिरवणुकीसाठी गावचा पुढारी आला. त्याला पुढची सीट हवी होती आणि मला त्याच्याकडून बसस्टँडजवळचा गाळा.

"काका, तुमी मांगं बसा," मी म्हणालो.

"बसतो ना बे. ट्रकात मांगं बसूनच देश पाह्यला म्या." काका हसत आपल्या काळ्या ट्रंकेवर बसले. झेंडूचे हार पुढाऱ्याच्या गळ्यात पडले.

गाळा त्याच्या साळ्याला मिळाला. इतकी वर्षं मी तेवढंच उगाळत राहिलो. काकांची सीट मीच विकली होती, याची शिसारी मात्र काल पहिल्यांदा आली.