कस्टमला दिलेलं निवेदन

कस्टमला निवेदन देणारी इंदापूर तालुक्यातली पहिली बाई बहुतेक मीच. दिलं ते अगदी रीतसर. वर विषय, खाली महोदय, मग मागण्या, आणि शेवटी आमची ठरलेली ओळ: योग्य ती कार्यवाही न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. एक प्रत रजिस्टर पोस्टानं मुंबईला, दुसरी माझ्याकडं, पोचेसाठी. पोच म्हणजे आमचा जीव की प्राण. आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का पडला की अर्धं काम झालं, असं आम्ही मानतो. उरलेलं अर्धं कधीच होत नाही, ते सोडा.

मागणी काय होती? तर, एक विजेवर चालणारा स्केटबोर्ड सोडा.

आता हे 'आम्ही' कोण, ते सांगते. मी आणि माझी मैत्रीण. मी बावड्याची, ती वरकुट्याची. इंदापूरच्या कॉलेजात एका बाकावर बसलो, आणि संध्याकाळचे क्लास सुटल्यावर मुलींना गावाकडं न्यायला एक बस पाहिजे म्हणून दोघींनी मिळून पत्रकं काढली. मी लिहायचे, ती खोडायची. "सगळीकडं निषेध निषेध काय गं करतीस, मधी एखादं वाक्य साधं ठेव की," म्हणायची. मागं गर्दी असल्यासारखं आम्ही 'समस्त विद्यार्थिनी' अशी सही करायचो. समस्त म्हणजे दोघीच. पण दोघी असलो की समस्त वाटतं.

मग ती पुढं शिकायला नेदरलँड्सला गेली. "शिकून येते, मग बघू बस कशी देत नाहीत ते," असं म्हणून गेली. मी विश्वास ठेवला. चळवळीतली माणसं भाबडीच असतात, आवाज तेवढा मोठा असतो.

मी बारामतीत खोली घेऊन राहते. फ्लेक्सच्या दुकानात काम करते. ज्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिली त्यांच्या वाढदिवसाचे फोटो उजळ करून देते, त्यांच्या गालावरचे डाग पुसते. पोटासाठी करते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. संध्याकाळी खोलीवर आले की तिचा व्हिडिओ कॉल यायचा. शिक्षण संपवून ती तिकडं कामाला लागली होती; त्या स्केटबोर्डवर उभी राहून कामावरून घरी निघालेली असायची आणि फोन रस्त्याकडं धरायची. कालवा, कालव्याच्या कडंनं विटांचा रस्ता, एकही खड्डा नाही. इकडं माझ्या कुकरची शिट्टी व्हायची आणि मी तिकडं तिच्या रस्त्यावरून जात असायचे. नंतर नंतर कॉल कमी झाले. मी विचारलं नाही. तिला कामं असतील म्हटलं. मला काय, पंखा, पलंग आणि मी.

एके दिवशी तिचा निरोप आला. "माझा बोर्ड तुला पाठवलाय. आपली बस सुरू होईपर्यंत ह्यावर जात जा."

'आपली बस' हे दोन शब्द मी दिवसभर खिशात घेऊन फिरले. म्हणजे तिच्या डोक्यात ती बस अजून आहे. म्हणजे ती येणार.

मग कुरियर कंपनीचा मेसेज आला की पार्सल कस्टमनं अडवलंय, खुलासा करा. अडवलंय म्हटल्यावर माझं डोकं फिरलं आणि मी ते वर सांगितलेलं निवेदन ठोकून दिलं. रोज पोस्टमनची वाट बघायचे. आमच्यातलं कुणीही हेच केलं असतं. शेवटी कुरियर कंपनीच्या मुंबईच्या माणसाचा फोन आला.

"मॅडम, तुमचं एक पत्र कस्टममधून फिरत आमच्या टेबलावर आलंय. हे आंदोलन नक्की कुणाविरुद्ध आहे?"

"अन्यायाविरुद्ध."

"बरं. पण आम्ही मेलवर प्रश्न विचारले होते. मेल बघितला का?"

मेल स्पॅममध्ये पडला होता. मी शिक्क्याची वाट बघत होते.

"माझ्या निवेदनाची पोच मिळाली नाही," मी म्हटलं.

"मिळालं म्हणून फोन करतोय ना मॅडम. हीच पोच समजा."

मग त्यानं समजावून सांगितलं. वस्तू वापरलेली. वापरलेला माल भेट म्हणून असा मागवता येत नाही. शिवाय आत लिथियमची बॅटरी. एक तर परत पाठवा, नाहीतर हक्क सोडा, नाहीतर ड्युटी आणि दंड भरून सोडवा. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "हां, त्या मॅडम कायमच्या भारतात परत येणार असतील तर गोष्ट वेगळी. मग हे त्यांचं घरचं सामान. तसं त्यांचं पत्र आणि पासपोर्टची प्रत द्या, मी प्रयत्न करतो."

इतका सरळ मार्ग मला कुठल्या कार्यालयानं आजवर दाखवला नव्हता. तिचा फोन लागेना. पासपोर्टची झेरॉक्स घरी असेल म्हणून रविवारी बारामतीहून इंदापूरची एसटी धरली आणि तिथून वरकुट्याला गेले. तिचे वडील, तात्या, अंगणात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते.

"या पुढारीन बाई," तात्या म्हणाले. "आज कुनाचा निषेध?"

"कस्टमचा. तात्या, तिच्या पासपोर्टची झेरॉक्स हाय का? ती कायमची परत येनार असंल तर सामान सुटतंय."

तात्यांच्या हातातली नळी सुटली आणि भसाभस उलगडली. "कायमची? आसं म्हनली ती?"

"कस्टमकडनं सांगितलं तसं."

"मग त्यास्नी ठावं आसंलच की. सरकारी हाफिस हाय, उगं बोलत्याल व्हय!" आणि आत तोंड करून ओरडले, "आगं ए, ऐकलं का, पोरगी येतीया!"

तिची आई पिठाच्या हातानं बाहेर आली. मी म्हटलं, "तसं न्हाय तात्या." माइकशिवाय सभेच्या टोकाला ऐकू जाईल असा माझा गळा, पण अंगणातल्या दोघांना तो ऐकू गेला नाही. तात्यांनी तिच्या खोलीत ठेवलेला फवारणीचा पंप उचलून बाहेर आणला होता.

परतताना इंदापूरच्या स्टँडवर तिचा फोन लागला. मी सगळं सांगितलं. दोन ओळी लिही, म्हटलं, मी कायमची परत येतेय, बास.

मागं गाड्यांचे कर्कश हॉर्न, "अकलूज, अकलूज" म्हणून कंडक्टरचा ओरडा. मला वाटलं, माझ्याकडच्या गोंगाटात तिचं ऐकू येत नाहीये. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खोटं कसं लिहू गं?" ती म्हणाली.

"खोटं म्हणजे?"

"घर घेतलंय इकडं. गाडी पण घेतली. म्हणून तर बोर्ड तुला पाठवला."

"घरी सांगितलंस?"

"सांगते."

"कधी?"

"सांगते गं." मग जरा वेळानं, "दंड मी भरते."

"भर," मी म्हटलं.

बारामतीची गाडी लागली, भरली, गेली. मी बाकावरच होते. निषेध करायचा तर समोर कुणीतरी लागतं. इथं कायदा कायद्यानं वागला होता, मुंबईचा माणूस सज्जन निघाला होता, मैत्रीण खरं बोलली होती. कुठल्याही अन्यायानं माझी एवढी पंचाईत केली नव्हती. आणि हे सगळं ज्या एका माणसाला सांगावंसं वाटत होतं, तिच्याशीच बोलून नुकता फोन ठेवला होता.

बोर्ड आला. खोक्यावर उघडून परत चिकटवल्याची टेप. पहाटे बारामतीतला एक मोकळा रस्ता बघितला, रिमोट हातात धरला आणि उभी राहिले. तोल जाता जाता सावरला, मग बोर्ड पळाला. फिरायला आलेल्या आजोबांतले एक ओरडले, "पोरी, ह्याला ब्रेक कुठंय?" दुसरे म्हणाले, "घरच्यांनी ब्रेक लावला असता तर हितवर आली असती का?" सगळे हसले. मीही हसले. रस्ता संपेपर्यंत गेले, वळले, परत आले. छान होतं. फोन रस्त्याकडं धरून व्हिडिओ काढला. पाठवायला बोट टेकवलं आणि उचललं. तो रस्ता बघून तिनं एक बदाम पाठवला असता आणि तेवढ्यावर विषय संपला असता.

रविवारी बोर्ड गोणपाटात गुंडाळून तिच्या घरच्यांना दाखवायला वरकुट्याला नेला. तिनं अजून सांगितलेलं नव्हतं, हे अंगणात पाय ठेवताच कळलं. तिच्या खोलीला पांढरा रंग मारून झाला होता, चौकटीवर थेंब होते.

"सामान तर आलं म्होरं," तात्या म्हणाले. "ती कदी निघनार?"

मी वाटेत चार वाक्यं जुळवली होती. पत्रकातल्यासारखी. त्यातलं एकही कामाला आलं नाही.

"तात्या, हे दंड भरून सुटलंय. सामान म्हनून न्हाय. ती येत न्हाय. घर घेतलंय तिनं तिकडं."

तात्यांनी गोणपाट बाजूला केलं. बोर्डाच्या पाठीवर पॉलिश पेपरसारखा काळा, खरखरीत कागद असतो. तो तिच्या पावलांखाली दोन ठिकाणी घासून गुळगुळीत झाला होता. एक जागा पुढं, एक मागं, आडवी. तात्यांनी पुढच्या जागेवर तळवा ठेवला.

"मोठं हाय का घर?"

"मला न्हाय ठावं, तात्या. मलाबी आत्ता आत्ताच कळलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं, मला सगळं माहीत असतं. मला वाटायचं, घरी तरी ती बोलत असेल.

"ह्याला चार्जिंग लागतं?"

"लागतं की."

त्यांनी आपला मोबाईल काढून प्लग मोकळा केला. मी परदेशी पिनेला बसणारा जोड आणला होता, तो लावला. बोर्डाच्या पोटाशी लाल दिवा लागला. तिची आई चहा ठेवून आत गेली, ती बाहेर आली नाही. आम्ही दोघं त्या दिव्याकडं बघत बसलो. ऊन अंगणातनं गोठ्यापर्यंत सरकलं.

दिवा हिरवा झाला. मी बोर्ड परत गुंडाळायला गोणपाट उचललं, कारण परतीची शेवटची बस निघून गेली की फाट्यावर काही मिळत नाही.

"झालं व्हय?" तात्यांनी विचारलं.

"झालं."

"ऱ्हाऊंदे अजून जरा," ते म्हणाले.

मी गोणपाट खाली ठेवलं.