कुंदाबाईंच्या टाइपरायटरवरचं कांगारूचं रक्त

कुंदाबाई शिरसाठ धुळ्यात कोर्टासमोरच्या गाळ्यात टायपिंग करत. शिक्षण मॅट्रिक. १९९१ साली प्राणिशास्त्राचे लीलाधर सर त्यांच्याकडे एम.फिल.चा इंग्रजी प्रबंध घेऊन आले. कांगारूचं पिल्लू वाढताना त्याच्या रक्तातून प्राणवायू वाहण्याची रीत कशी बदलते, हा विषय.

बाईंचे यजमान भटूभाऊ प्रबंधातलं कांगारूचं चित्र बघून म्हणाले, "आपला साक्रीना जंगलमा शे का हाऊ?"

"सरांनी तरी कुठं पाहिलाय!" बाई म्हणाल्या.

चार प्रती कार्बनवर काढायच्या. एक स्पेलिंग चुकलं की चारही पानं वाया. म्हणून बाई प्रत्येक नवा शब्द डिक्शनरीत बघत, आणि त्या नादात प्रबंध त्यांना समजत गेला. नवजात पिल्लू शेंगदाण्याएवढं. त्याच्या लाल पेशींत केंद्रक असतं, प्राणवायू धरणारं हिमोग्लोबिनही वेगळं. मग आईच्या पिशवीत दूध पीत असतानाच त्या पेशी जातात आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन येतं.

चौऱ्याहत्तराव्या पानावर बाई अडल्या. "सर, एकतीसवर तुम्ही लिहिलंय की केंद्रकवाल्या पेशी पिल्लात. इथल्या तक्त्यात त्या मोठ्या कांगारूत. तान्ह्याचं रक्त घेऊन म्हातारा उड्या मारतोय!"

"बाई, हे शास्त्र आहे. आहे तसं टाइप करा."

बाईंनी तसंच केलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं चौऱ्याहत्तरावं पान उघडलं. दोन दिवसांनी सर गाळ्यात आले ते खाली मान घालूनच.

"मी टायपिस्टची चूक म्हणून सांगितलं. राग मानू नका. परीक्षकांच्या अहवालातही तसंच आलंय. ते पान पुन्हा करून द्या."

बाईंचा चेहरा उतरला. पंधरा वर्षांत त्यांच्या कामाला कुणी चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी कोरे कागद कार्बनसह रोलरमध्ये सरकवले.

"सर, अठ्ठ्याऐंशीवरही आकृतीतली नावं उलटी पडलीत. तीसुद्धा माझीच चूक समजून दुरुस्त करू?"

सर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "करा. आणि आणखी कुठं काही दिसलं असेल, तर तेही सांगा."

त्या दुपारी बाईंनी आणखी पाच ठिकाणं दाखवली. सरांनी ती उतरवून घेतली. पदवी मिळाली, कॉलेजात सत्कार झाला, भाषणात सरांनी स्वतःच्या चिकाटीबद्दल दहा मिनिटं सांगितलं.

पण पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांना प्रबंध टाइप करायला बाईंकडेच पाठवलं. बाईंनी दोघांनाही एकच अट घातली: आधी मी वाचणार, मग टाइप करणार.