गाडी वाडीवर ठेवून यायचं ठरलं होतं

सुधीरची गाडी त्याच्या गावी देऊन टाकायची आणि येताना एसटीने परतायचं, असं ठरवून मी दिवाळीनंतरच्या एका सकाळी पुण्याहून निघाले.

सुधीर म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन आता दोन वर्षं होत आली. गाडी सात जणांची, डिझेलची, ट्रकची धाकटी बहीण शोभेल एवढी मोठी. पंधरा वर्षं पुरी व्हायला आलेली. म्हणजे पुन्हा नोंदणी, पुन्हा तपासणी, आणि त्याआधी बरीच दुरुस्ती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती महिनामहिना एका जागी उभी असायची. मी शाळेत दुचाकीने जाते. बॅटरी उतरू नये म्हणून कधीतरी रविवारी एक चक्कर मारायची, एवढाच आमचा संबंध राहिला होता. मुलगा म्हणत होता, विकून टाक. विकायला मन धजत नव्हतं. मग सुधीरच्या मोठ्या भावाला, वसंतदादांना, फोन केला आणि विचारलं, तुम्हाला हवी का? मग ते म्हणाले, आणून ठेव.

ज्यांना या रस्त्याने जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूर. पावसाळ्यात हा घाट दरडींमुळे वरचेवर बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. नोव्हेंबरात मात्र तो फार सुंदर असतो. गवत सोनेरी व्हायला लागलेलं, दरीत सावित्रीच्या खोऱ्यावर पातळ धुकं, आणि रहदारी बेताची. डिझेल वाईलाच भरून घ्या. महाबळेश्वरात गर्दी असते. घाटात ना गॅरेज आहे, ना फोनला धड रेंज. उजेडात उतरा.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की बराच काळ उभी राहिलेली जड गाडी घाट उतरताना काय करते.

प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. ट्रक निघून गेला तरी वास तसाच. एका वळणावर ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खूप खाली गेला आणि गाडी मात्र आपल्या मर्जीने चालत राहिली. गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला, इंजिन ओरडलं, वेग थोडा उतरला. मग हँडब्रेक हळूहळू ओढत डोंगराच्या बाजूच्या गटाराला गाडी लावली. उतरून पाहिलं तर पुढच्या डाव्या चाकातून धूर येत होता.

मी पाण्याची बाटली काढली. तेवढ्यात खालून वर येणारा एक भाजीचा टेम्पो थांबला. चालकाने खिडकीतूनच सांगितलं, पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जाईल. आपोआप गार होऊ द्या आणि मग पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच उतरा. मी एकटीच आहे हे पाहून त्याने टेम्पो पुढे नेऊन कडेला लावला आणि चाक हात लावण्याइतकं निवेपर्यंत माझ्यासोबत थांबला. त्याने पिशवीतले चिकू काढले, दोघांनी खाल्ले. त्याचं नावही विचारायचं राहिलं.

पुढचा सगळा घाट मी पायी चालावं तशी उतरले. पोलादपूर जवळ येऊन रेंज मिळताच दादांना फोन लावला. महामार्गाच्या कडेला यासीनभाईंचं गॅरेज आहे, ते दादांनी फोनवर सांगितलं. दादा स्वतः तिथे येऊन थांबलेही होते. दादांनी मुंबईत आयुष्यभर टॅक्सी चालवली. आता साखरेने नजर अधू झाली आहे, त्यामुळे गाडी चालवणं बंद. पण गाडी दिसताच त्यांनी मला विचारण्याआधी बॉनेटवर हात ठेवला, जसा तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग म्हणाले, "तू बरी हायस ना?"

यासीनभाईंनी चाक उतरवलं. ब्रेक पॅड झिजून पत्र्यापर्यंत आले होते. नवे पॅड त्यांच्याकडेच होते. ते घालून, ब्रेक ऑइल बदलून त्यांनी महामार्गावर एक फेरी मारली आणि मान हलवत परत आले. गाडी डावीकडे ओढत होती आणि चाक पुन्हा तापलं होतं. मला वाटलं होतं पॅडवर भागेल, ते म्हणाले. मग त्यांनी कॅलिपर उघडला. पॅड दाबून धरणारा तो भाग आतून गंजून जाम झाला होता, एकदा दाबला की सुटतच नव्हता. त्यासोबत बाकीचीही तपासणी झाली. पंख्याच्या पट्ट्याला चिरा, रेडिएटरची वरची नळी फुगलेली, पुढचे दोन रबरी बुश संपलेले. यातलं काहीच भयंकर नव्हतं. सगळं न वापरल्याने झालेलं होतं. सामान महाडला मिळणार होतं आणि गॅरेज सोडून जायला यासीनभाईंकडे दुसरं माणूस नव्हतं. मी म्हटलं, मी आणते.

गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षाने वाडीवर गेलो. वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. बरीच घरं कुलपातली, माणसं मुंबईला. भाताची कापणी होऊन गेलेली, खळ्यात पेंढ्यांच्या उडव्या. माझी मोठी जाऊ, शेवंताताई, दारात उभी होती. तिने नाचणीची भाकरी, पावट्याची उसळ आणि चुलीवर भाजलेला सुका बोंबील वाढला. जेवताना दादा उत्साहात होते. गाडी कुठे उभी करायची ती जागा त्यांनी साफ करून, वर पत्र्याची शेडही घालून ठेवली होती. गावातलाच एक ओळखीचा ड्रायव्हर मिळेल, पोलादपूरच्या फेऱ्या होतील, आजारी माणसाला न्यायला होईल, असं ते सांगत होते. ताई भाकऱ्या थापत राहिली.

दुसऱ्या दिवशी महाडला जायला ती माझ्याबरोबर निघाली. पोलादपूर-महाड एसटी सारखी असते, तेव्हा स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही. महाडच्या बाजारात सुट्या भागांच्या दुकानात जुना कॅलिपर काउंटरवर ठेवला आणि त्याच्याशी पडताळून नवा घेतला. हा सल्ला सगळ्यांनाच देते: जुन्या गाडीचं सामान आणायला जाताना जुना भाग सोबत न्या, नुसत्या नावावर विसंबू नका. पट्टा, नळी, बुश सगळं मिळालं. मग चवदार तळ्यावर गेलो. पायऱ्यांवर एक कुटुंब लहान मुलीला घेऊन आलं होतं. आजोबा तिला सांगत होते की इथलं पाणी सगळ्यांचं आहे, आणि ते सगळ्यांचं आहे हे सांगायलाही माणसांना चालत यावं लागलं होतं. आम्ही दोघी थोडा वेळ काठावर बसलो.

दुपारी वेळ हाताशी होता. ताईच म्हणाली, सवला जाऊया, माझे गुडघे दुखतात. सव महाडपासून रिक्षाने जवळच आहे. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. रिक्षावाल्याला थांबायला सांगा, परतीची सोय लगेच मिळत नाही. कुंडाजवळ गंधकाचा वास येतो, पण त्याची सवय लगेच होते. पाणी सोसवतं तिथे पाय सोडून आम्ही बसलो. सामानाची पिशवी आमच्या मध्ये होती.

ताई म्हणाली, "माधुरी, गाडी इथं ठेवू नको."

मला वाटलं तिला देखभालीची काळजी आहे. मी म्हटलं, दुरुस्ती तर पूर्ण करूनच देते आहे, आणि पुढचा खर्चही मी बघेन. तिने मान हलवली.

"तसं नाय गो. सुधीरभावजी गेले, तेव्हापासून तू दोनदा आलीस. एकदा कार्याला, एकदा वर्षश्राद्धाला. आता गाडी द्यायला आलीस. ती दिलीस की मग कशाला येशील?"

मी सामानाची पिशवी जवळ ओढली.

"वळणावर त्या गाडीचा आवाज आला की हे हातातलं काम टाकून बाहेर येऊन उभे राहायचे. अजून राहतात, तसल्या आवाजाची दुसरी कोणची गाडी आली तरी. त्यांना गाडी नको हाय. त्या गाडीतनं कुणीतरी उतरलेलं हवं हाय."

ती पुढे एवढंच म्हणाली की हे तुला ते स्वतः कधी सांगणार नाहीत. मग तिने पाय पाण्यातून काढले, पदराने पुसले आणि रिक्षाकडे चालायला लागली. परतीच्या एसटीत आम्ही शेजारीच बसलो.

यासीनभाईंनी संध्याकाळपर्यंत काम पूर्ण केलं. बिल पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या अंदाजापेक्षा खूपच कमी झालं. पैसे देताना त्यांनी फक्त एक विचारलं, की गाडी आता कोण चालवणार? मी नोटा पुन्हा मोजायला लागले. ते म्हणाले, कोणीही चालवा, पण चालवा. मी गाडी घेऊन वाडीवर चढले. ब्रेक पहिल्याच दाबाला धरत होते. शेवटच्या वळणावर मी मुद्दाम खिडकी उघडली. अंगणात दादा उभे होते.

सांगायचं धाडस मला जेवणाआधीच करावं लागलं, नाहीतर झालंच नसतं. दादा ओट्यावर बसले होते. मी म्हटलं की गाडी परत नेते. दर दोन-तीन महिन्यांनी घेऊन येत जाईन. विकणार नाही. ते माझ्याकडे बघतही नव्हते. माझा बेत का बदलला हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही ताईचं नाव घेतलं नाही. त्यांनी गावात चार जणांना सांगून ठेवलं होतं, ड्रायव्हरशी बोलणं झालं होतं. शेड माझ्या डोळ्यांसमोर उभी होती. ते उठले आणि गोठ्याकडे गेले. जेवायला आले नाहीत. ताईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. मला वाटलं, आपण कुणाचंच बरं केलं नाही. सुधीरची आठवण म्हणून एक वस्तू त्याच्या भावाला द्यायला निघालो आणि दाखवून परत काढून घेतली.

सकाळी बॉनेट उघडल्याच्या आवाजाने मी बाहेर आले. दादा डोळ्यांजवळ धरून ऑइलची पट्टी बघत होते. नजर अधू असल्याने त्यांनी पट्टी बोटांनी पुसून, बोटांमध्ये तेल चोळून पाहिलं. कूलंट भरलं. चारही चाकांवर लाथ मारून हवा तपासली. मग म्हणाले, पोलादपूरपर्यंत मी येतो, ब्रेकचा आवाज ऐकायचाय. ते पुढच्या सीटवर, सुधीर चालवायचा तेव्हा ते जिथे बसत त्याच जागी बसले. उतारावर मी ब्रेकवर पाय ठेवला की ते गिअरकडे बोट दाखवायचे. महामार्गाला लागण्याआधी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, उतरले आणि दार लावून खिडकीशी वाकले.

"चढावर गरम झाली तर थांब. घाई करू नको," ते म्हणाले. "आणि शिमग्याला ये. पालखी आपल्या अंगणात येते."

मी हो म्हटलं. आरशात ते बराच वेळ दिसत होते.

घाट चढताना गाडी एकदाही तापली नाही. महाबळेश्वरला कणीस खाल्लं, पाचगणीला चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत पुण्यात होते.

आता काही आठवडे झाले. रविवारी सकाळी मी ऑइल, पाणी, पट्टा बघते आणि सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येते. हात काळे होतात, शेजारचे थोडे हसतात. नोंदणीचं काम सुरू केलंय. ती पुढे किती वर्षं चालेल मला सांगता येत नाही. एखाद दिवशी कायद्याने किंवा वयाने ती थांबेलच, आणि तेव्हा मी दुसऱ्या कशाने तरी वाडीवर जाईन. ताई म्हणाली त्यातलं खरं किती आणि तिला स्वतःला कोणीतरी यायला हवं होतं ते किती, हेही मला ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही असेल.

गेल्या रविवारी दादांचा फोन आला. सुधीर होता तेव्हा ते त्याच्याशीच बोलायचे, मी उचलला तर लगेच त्याला द्यायला सांगायचे. ब्रेक ऑइलची पातळी कुठे आहे, डावीकडे ओढते का, असं विचारत होते. मी म्हटलं, बघून सांगते, आणि फोन चालू ठेवूनच खाली उतरले. पलीकडे कोणीतरी त्यांना कोण बोलतंय म्हणून विचारलं असावं. मी झाकण उघडत असताना मला त्यांचा आवाज ऐकू आला, "आमची माधुरी हाय, पुण्याची. जरा थांब, ती गाडी बघते हाय."