पुलाखालचा ब्रेक

माझा नवरा गाडीत माझ्या शेजारी बसला की त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहायचा. त्याच्या बाजूच्या रबरी मॅटवर टाच घासून घासून एक गुळगुळीत गोल पडला होता. तोंडाने "हळू, हळू" चालूच असायचं. मी मुळातच तापट. "एवढं आहे तर तूच चालव," असं म्हणून मी कितीदा तरी गाडी कडेला घेतली असेल. त्यावर तो साळसूद चेहऱ्याने म्हणायचा, "मी कुठे काय बोललो?"

आम्ही मिल्टनला राहायचो आणि तो जवळच्याच केंब्रिज गावी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. माझ्या ड्रायव्हिंगवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून शेवटची गाडी घेताना त्याने हट्टाने कॅमेरावाली घेतली. दोन हजार सोळाच्या सुमाराची गोष्ट. अशा गाड्या आमच्यासारख्यांच्या दारात नुकत्या दिसू लागल्या होत्या. पुढच्या काचेच्या आतून, आरशामागे, एक छोटा कॅमेरा रस्ता बघत राहायचा. पुढे काही आडवं आलं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा, आणि मी तरीही थांबले नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावायची. "आता हा तुला सांगेल," तो म्हणाला, "मी गप्प." गप्प कसला बसतोय. कॅमेऱ्याच्या आधी तोच बोलायचा.

मग त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशननंतर त्याला सरळ बसवेना, तेव्हा शेजारची सीट मी पार मागे टेकवली आणि तो उशी घेऊन, शाल पांघरून आडवा पडून हॉस्पिटलला येऊ लागला. आमच्या वस्तीतून गावात जाताना रेल्वेचा एक पूल लागतो. त्याच्या खाली तेव्हा एक खड्डा होता, दर हिवाळ्यानंतर थोडा मोठा होणारा. एकदा मी त्यातून तशीच गेले आणि तो असा कळवळला की मला आजही तो आवाज ऐकू येतो. त्यानंतर पुलाची सावली चेहऱ्यावर आली की तो डोळे मिटूनच म्हणायचा, "हळू, हळू." आवाज मात्र आता वेगळा होता. त्यात मला चिडवणं नव्हतं, विनवणी होती. मी चालण्याच्या वेगाने गाडी न्यायचे. मागचे हॉर्न वाजवायचे, वाजवू देत.

तो फेब्रुवारीत गेला. त्याच्यासाठी नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई इथेच राहिल्या. परत जाऊन करणार काय, असं त्या म्हणाल्या.

टेकवलेली सीट मी सरळ केली नाही. उशी तिथेच, शाल तिथेच. सासूबाई कायम मागे, माझ्या पाठीशी बसायच्या आणि आपली जड पिशवी त्या शालीवर ठेवायच्या. वजन जाणवलं की गाडी बेल्टसाठी बोंबलायची, म्हणून मी त्या सगळ्यावरून पट्टा लावून टाकायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी तोंडावर पांघरूण घेऊन झोपलंय. एकदा कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूला खिडकीतल्या मुलीने आत बघितलं आणि एकदम आवाज खाली आणला. त्याची झोपमोड होऊ नये म्हणून ती कुजबुजत बोलली. मीही तिला कुजबुजतच उत्तर दिलं. मागे सासूबाईंच्या मुठीत घरी येईपर्यंत पदराचं टोक होतं.

एप्रिलमध्ये हायवेवर खडीच्या ट्रकमधून एक खडा उडाला आणि काचेवर चांदणी उमटली. दोन दिवसांनी सकाळी हीटर लावला तशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकत गेली. काचवाला माणूस घरीच आला, ड्राइव्हवेमध्ये त्याने नवी काच बसवली आणि जाताना बजावलं, की काच बदलली म्हणजे कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे त्याची नजर नव्याने जुळवावी लागते, ते डीलरकडेच होईल, आणि तोवर या कॅमेऱ्याच्या बघण्यावर भरवसा ठेवू नका, बंदच करून टाका. डीलरला फोन केला तर त्यांच्याकडे तीन आठवडे जागा नव्हती. कॅमेरा बंद करायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.

नवी वस्तू घरात आली की तिची पूजा होते, आमच्या घरात कुकरचीसुद्धा झाली आहे. सासूबाईंनी काचेचीही मांडली. मी त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, की ही काच म्हणजे गाडीचं कपाळ आणि त्यामागे तिचा डोळा. मी नारळ आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी गराजमधल्या स्टुलावर चढून हळदकुंकू लावलं, काचेवर अक्षता टाकल्या. मी बाहेर आले तेव्हा त्या हात जोडून उभ्या होत्या. त्या वयात स्टुलावर चढल्या म्हणून मी त्यांच्यावर ओरडले आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावात निघालो. पुलाची सावली काचेवर आली, आणि समोर चिटपाखरू नसताना लाल दिवा लागला, गाडीने करकचून ब्रेक मारला. माझा पट्टा छातीत रुतला. शेजारच्या सीटवरचा पट्टाही ताणला गेला, शाल गच्च धरून राहिला. आम्ही पुलाखाली उभ्या होतो. अगदी तिथे, जिथे तो "हळू" म्हणायचा.

मागून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "पाहिलंस? तो पाहून राहिला."

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरच्या चुका शोधते. कॅलिब्रेशन न झालेल्या कॅमेऱ्याला पुलाची सावली भिंतीसारखी दिसू शकते, हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगताना माझ्याच अंगावर काटा आला होता. कारण गावात आणखी दोन पूल होते. तिथे गाडी काही म्हणाली नाही.

त्यानंतर आमच्या घरात कोथिंबीर फार लवकर संपू लागली. दही विरजताना बिघडू लागलं, म्हणून दही आणायला जावं लागे. कधी सासूबाई कारण काढायच्या, कधी मी. गाडीने दर वेळी ब्रेक मारला असं नाही, पण ज्या दिवशी मारला त्या दिवशी आम्ही दोघी जरा जास्त जेवायचो. ज्या दिवशी नाही, त्या दिवशी भाजी तशीच फ्रीजमध्ये जायची. मला भीती वाटायची आणि त्या भीतीचीच मला ओढ लागली होती. मेमध्ये टाऊनच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लोकांनी तो खड्डा बुजवून वर डांबर घातलं. तरीही गाडी तिथे थबकली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "खड्डा गेला, हे त्याला कोण सांगणार?"

व्हँकुव्हरहून मुलीचा फोन आला, तिला मी जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं सांगितलं. "मॉम, जस्ट टर्न इट ऑफ. इट्स नॉट सेफ. आजीला काय कळतं?" मी म्हटलं, हो, करते. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर माझं बोट कॅमेरा बंद करायच्या बटणावर गेलंही. मागून आवाज आला, "बंद नको करू. एवढंच तर राहिलं आहे."

मी हात मागे घेतला.

आणि मग एका दुपारी गाडी पुलाखाली थांबली तेव्हा आमच्या मागे खडीचा ट्रक होता. हॉर्न, टायरचं किंचाळणं, आरशात नुसतं लोखंड. तो शेजारच्या लेनमध्ये घुसून कसाबसा आमच्या बाजूने निघून गेला. जाताना ड्रायव्हरच्या ओठांवर जी शिवी दिसली ती मी लिहीत नाही. मी मागे वळून पाहिलं. सासूबाई बसलेल्या जागी अंग चोरून बसल्या होत्या. ट्रक आला असता तर आधी त्यांच्यावर आला असता. ज्याने मला जन्मभर "हळू" सांगितलं, तो आपल्या आईला असा ट्रकसमोर धरेल का? मला स्वतःचाच भयंकर राग आला. तिथेच गाडी कडेला घेऊन मी ते बटण दाबलं. या वेळी मागून कुणी काही बोललं नाही.

कॅलिब्रेशनच्या आदल्या दिवशी डीलरकडून फोन आला. टाकी पूर्ण भरून आणा, टायरमधली हवा दरवाजावरच्या स्टिकरप्रमाणे करून घ्या, डिकी रिकामी, सीटवर काही नको, डॅशबोर्डवर काही नको, काच आतून बाहेरून लख्ख. गाडीवर जास्तीचं वजन असेल तर ती किंचित कलते आणि कॅमेऱ्याला खोटा रस्ता शिकवला जातो. सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे ते काय करतील?"

"कुठे बघायचं ते त्याला नव्याने शिकवतील."

"आणि आतापर्यंतचं विसरेल?"

मी म्हटलं, हो.

पेट्रोल भरलं, हवा मारली. ते सोपं होतं. डिकीत त्याचे कारखान्यातले पोलादी टोकाचे बूट निघाले, बर्फाचा ब्रश निघाला, चाक रुतलं तर टाकायला ठेवलेली वाळूची पिशवी निघाली, आणि त्याचा घडीचा वॉकर. सगळं गराजच्या भिंतीला लावून ठेवलं. डॅशबोर्डवरचा गणपती त्याने चिकटवलेला होता आणि त्याचं चिकटवणं म्हणजे चिकटवणं. गरम पाण्याच्या फडक्याने शेकत शेकत मी तो सोडवला. मग उरली शेजारची सीट. पट्ट्याचं बटण दाबलं आणि तो सर्रकन वर गेला, जणू इतके महिने तेवढ्याचीच वाट बघत होता. शाल सासूबाईंनी घेतली. उशी मी घेतली. तिला अजून औषधाचा वास होता. सीट मात्र मी तशीच टेकवलेली ठेवली, कारण सीट सरळ करा असं फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी काच पुसायला मी स्टुलावर चढले आणि बाहेरच्या बाजूने, आरशाच्या अगदी समोर, वायपर जिथे पोचत नाही तिथे, मला तो लाल ठिपका दिसला. कुंकवाचं बोट. पावसाने जाऊ नये म्हणून तेलात कालवून लावलेलं. खाली ओघळून सुकलेलं. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर.

माझं फडकं तिथेच थांबलं. सासूबाई शाल छातीशी धरून गराजच्या दारात होत्या.

"काय झालं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं होतं. पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. "आई, तुम्ही बोट लावलं ते कॅमेऱ्याच्या समोर आलंय."

त्या जवळ आल्या, मान वर करून बघत राहिल्या. "म्हणजे ते मीच करत होते?"

"तसंच काही नाही. कॅलिब्रेशन झालेलं नव्हतं, पुलाची सावली होती. नक्की कशाने, ते कुणालाच सांगता यायचं नाही." हे खरंच होतं. पण खरं सांगूनही मला खोटं बोलल्यासारखं वाटलं.

"पूस," त्या म्हणाल्या. मग मी फडकं ओलं करत असताना त्यांनी माझा हात धरला. "थांब. मी पुसते."

मी त्यांना दोन्ही हातांनी कंबरेला धरलं आणि त्या स्टुलावर चढल्या. फडकं घेतलं नाही. पदर ओला करून त्यांनी तो ठिपका पुसला, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा, अगदी सावकाश. नंतर बराच वेळ त्यांच्या पदरावरचा तो लाल डाग मला दिसत राहिला.

डीलरकडचा कारागीर आपल्याकडचाच होता, हिंदीत "आंटीजी, यहाँ बैठिए" म्हणाला. पण सासूबाई बसल्या नाहीत. काचेच्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पलीकडे मोकळ्या हॉलमध्ये आमची गाडी एकटीच होती आणि तिच्यासमोर स्टँडवर काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा फळा उभा केला होता. त्याने फीत लावून अंतर मोजलं, फळा थोडा सरकवला, पुन्हा मोजलं. मग गाडी चालू करून तो बाजूला झाला. आत कुणी नव्हतं आणि गाडी फळ्याकडे बघत होती. आयसीयूच्या काचेबाहेर आम्ही अशाच उभ्या राहिलो होतो, तेव्हाही आत जायची परवानगी नव्हती.

नंतर तो गाडी रस्त्यावर फिरवून घेऊन आला, सोबत आणखी एक जण बसून गेला होता. "बिलकुल ठीक है," असं म्हणून त्याने किल्ली दिली. मी दार उघडलं. शेजारची सीट सरळ उभी होती.

त्या बिचाऱ्याला बसायचं होतं, त्याने ती सरळ केली, त्यात त्याचं काय चुकलं? तरी मला असा संताप आला की मी दार आपटलं. मग आत बसून रडले. तो गेला त्या दिवशी इतकी रडले नव्हते. सासूबाई मागे बसून वाट बघत राहिल्या.

घरी जायला दुसरा रस्ताही होता. मी गाडी पुलाकडेच वळवली. ऊन लख्ख होतं. मागे आरशात रस्ता रिकामा. सावली काचेवर चढली, रिकाम्या डॅशबोर्डवर आली, सरळ उभ्या सीटवर आली. लाल दिवा लागला नाही. गाडी काही म्हणाली नाही. समोर रस्ता होता आणि तिला रस्ताच दिसत होता.

तेवढ्यात मागून, अगदी त्याच्याच सुरात, त्याच्याच त्या शेवटच्या महिन्यांतल्या सुरात, सासूबाई म्हणाल्या, "हळू गं. हळू."

खड्डा केव्हाच बुजवलेला होता. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि चालण्याच्या वेगाने गाडी पुलाखालून नेली.