काय पुसणार ते आधी दाखवा

स्पिरिटचा वास आला की मला धुळ्यातली ती रक्तपेढी आठवते. भर दुपारी तिथला डेटाबेस अडकला होता, तो दुरुस्त करायला मला बोलावलं होतं, आणि शिंदखेड्याहून आणलेल्या एका बाळंतिणीला तातडीने रक्त हवं होतं. मी घाईघाईने दुरुस्तीची कमांड टाइप केली. एंटर दाबणार, तेवढ्यात तिथल्या तंत्रज्ञ अक्कांनी विचारलं, "भाऊ, यानं काय काय पुसलं जाईल?" "फक्त खराब नोंदी," मी म्हणालो. "कोणत्या, ते दाखवा ना." मी एंटरवरचं बोट मागे घेतलं. "कालच्या तपासलेल्या पिशव्यांतून मी हातानं शोधते, तुम्ही सावकाश बघा," म्हणत त्या फ्रिजकडे गेल्या. बाळंतिणीसाठीची रक्ताची पिशवी वेळेत रवाना झाली. मग मी आधी सगळ्या डेटाची प्रत काढली आणि काहीही न पुसता काय पुसलं जाईल याची नुसती यादी दाखवेल अशी कमांड लिहिली. यादी बघून अक्का घाबरून आपल्या बोलीत म्हणाल्या, "हाई बठ्ठं आजनं शे!" सगळं खरंच आजचं होतं; सकाळच्या साऱ्या तपासण्या त्यात होत्या, आणि एका पिशवीपुढे लिहिलं होतं, 'दूषित, देऊ नये.' तो शेरा मी पुसायला निघालो होतो. हल्ली माझी दुरुस्तीची प्रत्येक कमांड आधी यादी दाखवते आणि माणसाच्या होकारासाठी थांबते. सहकारी कुरकुरतात, "दोन मिनिटं फुकट जातात." मी म्हणतो, जाऊ द्या.