बॅट टाक, मिलिंद!

जिंकणाऱ्या टीमकडे ट्रॉफ्या साठतात, आमच्यासारख्यांकडे किस्से. ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या सॉफ्टबॉल टीमकडे ट्रॉफी ठेवायला एक मोठं प्रेस होतं. इथे आयरिश लोक कपाटाला प्रेस म्हणतात. त्यात आम्ही बिस्किटं ठेवायचो!

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं धाकटं भावंड. आमच्यातले बहुतेक पुण्या-नागपूरचे आयटीवाले, जन्मभर क्रिकेट खेळलेले. टीम काढली मिलिंदने, कॅप्टनही तोच.

*

या खेळात चेंडू मारला की बॅट तिथेच टाकून पहिल्या बेसकडे पळायचं. बॅट घेऊन बेस गाठला तर आमच्या लीगच्या नियमाने आउट. मिलिंद दर वेळी बॅट घेऊन पळायचा आणि वर बेसजवळ ती जमिनीला टेकवायचा, रन पूर्ण केल्यासारखी!

नास गावच्या टीमचा कॅप्टन डेक्लन लीगचा सेक्रेटरीही होता. तो हसत हसत ओरडायचा, "Your man is out, bat and all!"

*

आमची खरी खेळाडू वैशाली. ती मैदानावर आली होती नवऱ्याला पोह्यांचा डबा द्यायला. एक चेंडू तिच्या डोक्याकडे आला. तिने तो एका हाताने झेलला, दुसऱ्या हातातला डबा हललासुद्धा नाही.

"कुठे शिकलीस गं?" मी विचारलं.

"जळगावला. शाळेत असल्यापासून सॉफ्टबॉलच खेळतेय. तुम्ही जे खेळता, ते काय आहे?"

त्या दिवसापासून नवरा डबा आणतो आणि वैशाली खेळते.

*

२०२०च्या हिवाळ्यात डेक्लनची मेल आली. चांगले खेळाडू एकाच टीमकडे जमतात, म्हणून आता सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा! पगार कुणालाच नव्हता, पगाराच्या जागी पॉइंट. प्रत्येक खेळाडूची किंमत डेक्लनने ठरवलेली आणि टीमची बेरीज तीसच्या वर जायला नको. जानेवारीअखेर खेळाडूंची अदलाबदल करून बसवा, नाहीतर टीम बाद.

आमची बेरीज झाली चौतीस. वैशाली नऊ. मिलिंद चक्क पाच, कारण आयुष्यातला एकमेव होमरन त्याने नेमका डेक्लनसमोर मारला होता. आणि मी एक.

मिलिंदची आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली होती आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली होती. तेवढ्या काळात ती इथला एकच शब्द शिकली, 'ग्रँड', म्हणजे 'छान'. पोस्टमनला ग्रँड, पावसाला ग्रँड, नातीच्या मार्कांनाही ग्रँड. माझी किंमत ऐकून मात्र तिला तो शब्द सुचला नाही.

"एक? एवढ्यात त कांदाही येत नाई न बाप्पा!"

*

ड्रोहेडा गावच्या टीमला वैशाली हवी होती. बदल्यात ते मिळून पाच पॉइंटांत दोन चांगली पोरं द्यायला तयार होते. हिशेब एकदम फिट. मिलिंदने झूमवर तिला भीतभीत विचारलं.

"दादा, नवऱ्यासाठी मी जळगाव सोडलं. ड्रोहेडासाठी ब्लँचर्डस्टाउन सोडणार नाही!"

विषय संपला. मग निदान एक पॉइंट तरी कमी होईल म्हणून मिलिंदने मला विकायला काढलं. सोबत चेंडूंची नवी कोरी पिशवी फुकट. ड्रोहेडाहून पाच मिनिटांत उत्तर आलं, "चेंडू पाठवा."

*

त्यात लॉकडाउन, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. मिलिंद घरामागच्या पार्कात बॅट टाकायची प्रॅक्टिस करायचा. आई चेंडू टाकायची, हा मारायचा आणि बॅट घेऊन पळत सुटायचा. चुकून कधी टाकलीच, तर आई ती उचलून जागेवर आणून ठेवायची.

"बाबा, just drop it, like!" लेक वैतागायची.

आई मला म्हणाली, "लहानपनी वस्तू फेके म्हनून मारलं याले. आता फेकत नाई म्हनून मारू का?"

*

जानेवारीचा शेवटचा दिवस आला. झूमवर सगळे कॅप्टन, आमची टीमही हजर. बेरीज अजून चौतीसच. डेक्लनने दोनदा विचारलं, "मग, कोण जाणार?" मिलिंदने माइक चालू केला. मग म्हणाला, "डेक्लन, तुझ्याकडे पाच पॉइंट शिल्लक आहेत ना? मला घे."

"पण टीम तर तूच काढलीस!"

"हो. आणि तिला मीच परवडत नाहीये."

वैशालीने कॅमेरा बंद केला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मिलिंदच्या मागून आईचा आवाज आला, "म्हंजे आता नासले डबा न्या लागन का?"

कॅप्टन मला केलं. एका पॉइंटात कॅप्टन मिळालेली जगातली पहिली टीम असू आम्ही!

*

२०२१च्या उन्हाळ्यात मॅचेस सुरू झाल्या आणि पहिलीच मॅच नासशी. मिलिंद त्यांच्या हिरव्या शर्टात. आई डबा घेऊन आली आणि सवयीने आमच्याच बाकावर बसली.

शेवटचा डाव, स्कोअर बरोबरीत. त्यांचे तीनपैकी दोन आउट, एक खेळाडू तिसऱ्या बेसवर आणि बॅटिंगला मिलिंद. तो पहिल्या बेसवर पोचला तर तिसऱ्यावरच्याचा रन धरला जाऊन नास जिंकणार, आउट झाला तर आम्ही वाचणार. त्याने चेंडू मारला, तो माझ्या पायांमधून थेट कुंपणापर्यंत गेला. आता एकच आशा होती. मिलिंद पळत होता आणि बॅट हातात होती!

आम्ही फक्त गप्प बसायचं होतं. मी बसलो.

पहिल्या बेसवर वैशाली उभी होती. ती जीव खाऊन ओरडली, "दादा, बॅट टाका!"

मिलिंदने बॅट टाकली आणि बेसवर पाय ठेवला. नासवाले नाचत मैदानात घुसले. मी वैशालीकडे बघितलं. ती डोळे पुसत हसत होती.

तेवढ्यात आई उठली. गवतात पडलेली बॅट उचलली, पदराने पुसली आणि आमच्या किटबॅगेत ठेवली.

डेक्लन धावत आला. "Missus, that's our bat!"

आई त्याच्याकडे बघून गोड हसली. "ग्रँड, ग्रँड," म्हणाली आणि बॅगेची चेन लावून टाकली.